आसूं दी, लागतलें

माझ्या मामांच्या घरातून कितीतरी वर्षांत एकच वस्तू टाकली गेली होती : 1994 सालचं कॅलेंडर. तीही चुकून, आणि माझ्या हातून. मामी माहेरी डिचोलीला गेली होती, मी सुट्टीत आलो होतो, चूल पेटत नव्हती आणि भिंतीवर एक जुनं कॅलेंडर दिसलं. तेव्हा 1996 चालू होतं. कागद जाड होता, भसकन पेटला. मामा पूजेवरून उठून आले, चुलीत वाकून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. बोलले ते नऊ वर्षांनी. 2005 सालच्या एक जानेवारीला म्हापशाला माझ्या घरी त्यांचा फोन आला. "आज शनिवार. 1994 सालीही एक जानेवारीला शनिवारच होता. ते कॅलेंडर आज चाललं असतं." 2011 साली पुन्हा फोन. 2022 साली पुन्हा. तिसऱ्या खेपेला मी धीर करून म्हटलं, "पण मामा, त्यात चवथ भलत्याच तारखेला आली असती." मामा म्हणाले, "चवथ पंचांगात बघायची. कॅलेंडर वार बघायला असतं."

आमच्याकडे घरात बोलणं कोकणीत, पत्र मराठीत, जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आणि भांडण जे आधी सुचेल त्यात. म्हणून मामांचं बोलणं मी मराठीत सांगतोय. एक वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवतो, कारण त्याचं मराठी केलं की त्यातली हवा जाते : "आसूं दी, लागतलें." असू दे, लागेल. तुटकी किटली, सेलोटेपचं रिकामं रीळ, पावडरच्या डब्याचं फक्त झाकण; काहीही हातात घेऊन तुम्ही उंबऱ्याच्या दिशेने दोन पावलं टाकलीत की मागून हे वाक्य येतं. आवाज चढत नाही. शाळेत हजेरी घेतल्यासारखा येतो.

सगळ्यांचा समज असा की मामांचा जीव जुन्यात अडकलाय. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. पण आठवण म्हणून त्यांनी काही ठेवलेलं मला तरी सापडलेलं नाही. स्वतःच्या लग्नाचा कोट आहे, पण तो बटणांसाठी. आजोबांचा चष्मा आहे, कारण भिंग काढून उन्हात धरलं की अगरबत्ती पेटते, काडी वाचते. मामांना मागचं काही नकोच आहे. त्यांचा सगळा हिशेब पुढचा. "लागतलें" हा भविष्यकाळ आहे, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढ्या ठासून भविष्यकाळ वापरणारा दुसरा माणूस निदान पेडणे तालुक्यात मी पाहिलेला नाही.

देऊन टाकण्याविषयी पेडणेकराने सावध असावं याला इतिहास आहे, असं ते सांगतात. 1788 साली सावंतवाडीच्या भोसल्यांनी अख्खा पेडणे महाल पोर्तुगीजांना देऊन टाकला. "परत मिळायला 1961 उजाडलं. एकशे त्र्याहत्तर वर्षं. आणि तू म्हणतोस डबा दे."

मामा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. अंगाने काडी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पेन आणि पेनाला गुंडाळलेले रबर. घर पेडण्याहून कोरगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं. पुढे सोपो, मधे चौकी, आणि त्यावर माळो. हा माळो म्हणजे मामांचं खरं घर. खाली ते जेवायला उतरतात. वर सगळं नीट लावलेलं असतं, हे आधी सांगून ठेवतो, कारण अडगळ म्हटली की लोकांना ढिगारा दिसतो. मामांचा ढिगारा नाही, दप्तर आहे. प्रत्येक डब्यावर मास्तरी अक्षरात चिठ्ठी. एक डबा : "चाव्या, कुलुपे हरवलेली." शेजारी दुसरा : "कुलुपे, चाव्या हरवलेल्या." दोन्हींवर मिळून तिसरी चिठ्ठी : "एकमेकांची असण्याची शक्यता तपासली. नाहीत. 3.6.1998."

दुपारी तीन ते पाच ही खिळे सरळ करायची वेळ. सोप्याच्या कोपऱ्यात एक चिरा आहे, त्याच्या पाठीवर वर्षानुवर्षं ठोकून वाटीएवढा खळगा पडलाय. वाकलेला खिळा मामा पकडीत धरतात, पोक वर करून चिऱ्यावर ठेवतात. टक. थोडा फिरवला. टक. मग हातोडी बाजूला ठेवून तो खिळा मांडीवरच्या पाटीवर तळव्याने लाटतात. थडथडला तर अजून पोक आहे. सरळ असला तर सुळकन जातो. शेवटी एक डोळा मिटून, उजेडाकडे धरून, पहिलीतल्या पोराने काढलेला "ग" तपासावा तसा तपासतात आणि मापाप्रमाणे डब्यात टाकतात. नवे किलोभर खिळे आणायला बाजारात जाऊन यायला अर्धा तास लागतो, हे मी एकदा सांगून पाहिलं. मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नवा खिळा ठोकताना वाकतो. हा एकदा वाकून झालेला आहे."

याला चिकटपणा म्हणावं तर तेही बसत नाही. रात्री नऊ वाजता कुणाच्या विहिरीवरचा पंप गळायला लागला की तो माणूस पेडण्याला जात नाही, मामांकडे येतो. वॉशर मिळतो. पैसे विचारले तर मामांना राग येतो. जत्रेच्या नाटकाला काळा टेलिफोन हवा असतो, ऐतिहासिक असेल तर मशालीला लोखंडी वाटी, सामाजिक असेल तर तिसऱ्या अंकातल्या आजारी बापाला कुबडी. आमच्या बाजूला देवळापुढच्या मराठी नाटकावाचून जत्रा उभी राहत नाही, आणि नेपथ्य मामांच्या माळ्यावाचून उभं राहत नाही. नाटक संपल्यावर मात्र कुबडी परत यायला हवी. एका वर्षी आजारी बापाचं काम करणारा माणूस खरंच पाय मुरगळून घरी कुबडीवर गेला, तर मामा दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी करायला गेले आणि पाय कधी बरा होणार ते तारखेनिशी विचारून आले.

रद्दीही अशीच. घरात "गोमन्तक" येतो तो आजोबांनी लावलेला, पेपर निघाला त्या 1962 सालापासून. सुरुवातीची दहाएक वर्षं वाळवीने वाचून संपवली. उरलेल्यातली थोडी थोडी दरवर्षी वाड्यावरच्या पोरांना मिळते, नरकासुर करायला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं गवत, कागद, फटाके भरून दोन-दोन पुरुष उंच नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. कुठल्या नरकासुराच्या पोटात कुठल्या सालचा पेपर गेला याची नोंद मामांच्या वहीत आहे.

असं सगळं ठीक चाललेलं असताना एका एप्रिलात वासे गेले. वाळवी. शाकारणीला आलेल्या माणसाने एका वाशावर नख दाबलं, ते आत गेलं. आमच्या बाजूला पावसाळा म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या घरातला कारभार. छपराशी चालढकल चालत नाही. छप्पर उतरवायचं म्हणजे आधी माळो रिकामा करायचा. पर्वरीला फ्लॅट घेऊन राहिलेला मुलगा आला, सून आली, आणि "तू हिशेबाचा माणूस, तू लागतोस" म्हणून मला बोलावणं आलं. मला तरी काय, मामांच्या तोंडून "तू लागतोस" ऐकून बरं वाटलं. ते आपल्याला कुठल्या डब्यात घालतायत हे नंतर लक्षात येतं.

सून पुण्याची. मुलगी गुणी, पण एक पुस्तक वाचून आली होती. जेवताना तिने बेताने विषय काढला. "बाबा, एक मारी कोंडो म्हणून बाई आहेत..."

"मारी?" मामांनी भात कालवता कालवता विचारलं. "कुठली? कोलवाळची?"

"नाही, जपानच्या."

"आडनाव काय म्हटलंस?"

"कोंडो."

मामा एवढे हसले की मामीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. आमच्याकडे कोंडो म्हणजे भाताचा कोंडा. "कोंडा उडवायचा आणि दाणा ठेवायचा, हे सांगायला जपानहून बाई कशाला? सूप आहे ना घरात." मग थोडं थांबून, मास्तर वर्गाला दुसरी बाजू सांगतो तसं : "आणि कोंडासुद्धा आम्ही टाकत नाही. गुरांना लागतो."

तरी सुनेने चिकाटी सोडली नाही. वस्तू हातात धरायची, मनात आनंद उमटला तर ठेवायची, नाही उमटला तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. मामांनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर प्रयोगाला बसले. पंख्याचं पातं हातात घेतलं, आनंद झाला. सायकलचं पॅडल घेतलं, आनंद झाला. नळीचा तुकडा घेतला आणि एवढा आनंद झाला की तो घेऊन खाली आले. तीन वर्षं शोधत होते. अकरा वाजेपर्यंत एक वस्तू तेवढी अशी निघाली जी पाहून काहीच वाटलं नाही, एक फुटकी बादली. सून म्हणाली, "चला, हिचे आभार माना." मामांनी हात जोडून मनापासून आभार मानले. मग म्हणाले, "ज्याचे आभार मानले त्याला घराबाहेर कसं काढायचं?"

पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं की तिसरं मूल झाल्यावर त्या जपानी बाईंनीही घर टापटीप ठेवायचा नाद बराचसा सोडून दिलाय, असं त्यांनी स्वतःच 2023 साली सांगितलं. ते कात्रण सुनेच्या माहितीसाठी कापून ठेवलंय. डबा वेगळा आहे.

खरी पंचाईत झाली ती मामीने तोंड उघडलं तेव्हा. मामी पन्नास वर्षं गप्प होती, हे खरं म्हणजे आम्ही ध्यानात घ्यायला हवं होतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरतात आणि प्रत्येकाचा निम्मा, अविभक्त वाटा बसतो. पोर्तुगालचा 1867 सालचा दिवाणी कायदा इथे आला तो मुक्तीनंतरही राहिला. वारशाचा भाग पुढे आपल्या विधानसभेने नव्याने लिहिला, पण बायकोच्या निम्म्याला कुणी हात लावला नाही. समान नागरी कायद्याचा वाद देशात पेटला की गोव्याचं नाव निघतं ते यामुळे. त्या वादात भंगाराचा मुद्दा कुणी काढलेला माझ्या कानावर नाही. तो मामीने काढला.

"अर्धं माझं," ती म्हणाली. "डिचोलीच्या रजिस्ट्रारपुढे सही करून आलेय मी. माझं अर्धं मी टाकणार."

मामा शांत. "वाटा अविभक्त आहे. कुठलं अर्धं तुझं ते ठरलेलं नाही. आता ही किटली घे. दांडा तुझा की तोटी तुझी?"

"किटलीला तोटी आहे कुठे?"

"मग तुझा भाग आधीच गेलेला आहे."

मुलाने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, रीतसर यादी करू. आपल्याकडे माणूस गेल्यावर वारसांत वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी करतात ना, तशी. मामा म्हणाले, "ती मेल्यावर करतात. मी अजून जेवतोय." अखेर तोड निघाली ती शाळेतली : क्रिकेटच्या टीम पाडताना पोरं आळीपाळीने गडी घेतात तशा वस्तू घ्यायच्या. एक मामीची, एक मामांची. मामीची गेली, मामांची राहिली.

तीन दिवस हे चाललं. मी लिहून घेत होतो. एका होलंडच्या बिस्किटांच्या डब्यात, मुक्तीआधी असला परदेशी माल गोव्यात उदंड असायचा, सहा एस्कुद सापडले. 1959 साली इथली रुपी जाऊन एस्कुद आलं, तीन वर्षं जेमतेम चाललं आणि पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले. ही नाणी आजोबांनी ठेवलेली, कागदात बांधून. कशाला ठेवली असतील? मामा म्हणाले, "त्यांनाही वाटलं असेल, लागतील." एवढ्या एका बाबतीत मामांनी वडिलांचं चुकलं असं कबूल केलं, पण नाणी मामीच्या पाळीला आली तेव्हा तिला बोलण्यात गुंतवून आपल्या बाजूला सरकवली.

मग एक गठ्ठा निघाला. 16 जानेवारी 1967 चा सार्वमत कौल; गोवा महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांची निशाणी फूल, वेगळा राहावा म्हणणाऱ्यांची दोन पानं. या एका प्रश्नावर तेव्हा सोयरिकी तुटल्या. गठ्ठ्यात फुलाची पत्रकं होती आणि दोन पानांचीही होती. मी चाट पडलो. आजोबा कुठल्या बाजूचे होते? मामांनी एक पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला पाढे लिहिलेले. दुसरं उलटं केलं, त्यावर भाताचा हिशेब. "दोन्ही बाजूंची पाठ कोरी होती," ते म्हणाले.

रात्री आमटीभात खाताना मुलाने शेवटचा हल्ला चढवला. "बाबा, ज्याला बाजारात किंमत नाही ते भंगार. संपलं." मामांनी हात धुतले. आणि थेट मामीच्या माहेरच्या तालुक्यात शिरले.

डिचोलीच्या खाणींवर, ते म्हणाले, पन्नासएक वर्षं चांगलं खनिज बोटीत गेलं आणि कमी प्रतीचं बाजूला ओतलं गेलं. कुणी घेईना म्हणून. डोंगर झाले त्याचे. पोरं त्यावर चढून पतंग उडवायची, पावसात ती लाल माती शेतात यायची, लोक शिव्या द्यायचे. मग 2000 नंतर चीनला पोलादाची भूक लागली, भाव वर गेले, आणि जे टाकलं होतं तेच उकरून ट्रकांत, ट्रकांतून बार्जेसमध्ये आणि बार्जेसमधून मुरगावच्या बोटींत. "डोंगर टाकून दिले होते, डोंगर! आणि एका सालात विकले गेले. आता सांग, डबा मोठा की डोंगर?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नसतं. कोकणीत सोन्याला भांगर म्हणतात. भंगार आणि आमचं भांगर यांत एका कान्याची जागा तेवढी बदलते. पहिला भंगारवाला भोंगा लावून वाड्यावर आला तेव्हा शेजारच्या आजीने दागिन्यांचा डबा पदराखाली धरून दार लावून घेतलं होतं. मामांच्या मते तिचं बरोबरच होतं.

डिचोलीचा विषय निघाला की मामीचा भाऊ निघतोच. तो त्या भरभराटीत कर्ज काढून टिपर घेऊन बसला. दहा टनी. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कुलूप घातलं. मधे थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या फेब्रुवारीत सगळे पट्टे रद्द झाले. ट्रक अंगणात. आधी आठवड्यातून एकदा तो चालू करून बघायचा. मग बॅटरी काढून आत ठेवली. मग ताडपत्री घातली. मग केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायला लागली. 2022 च्या शेवटी डिचोलीचा पट्टा लिलावात गेला, गावात पेढे वाटल्यासारखं झालं. तोवर ट्रकच्या हौद्यात पिंपळ कमरेएवढा झाला होता. "खाणी सुरू होतील," तो म्हणायचा. मामांना जगात ज्या दोन-चार माणसांविषयी आदर आहे त्यांत हा मेव्हणा आहे. मी उगीच लोखंडाच्या चार तुकड्यांवर मिरवतो, म्हणायचे; तो एकटा दहा टनांचं सांभाळतोय.

चौथ्या दिवशी मामीच्या अर्ध्यासाठी भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. उत्तरेकडचा पोरगा, हातात काटा. मामी आत गेली, आपण समोर असलो तर विरघळू ही भीती. मामांनी घासाघीस केली ती शास्त्रापुरती. पत्रा, बादली, दोन स्टोव्ह, पंख्याचं जाळं. अकरा किलो भरलं. पोरगा पैसे मोजत असताना मामा टेम्पोच्या मागे गेले. नुसते बघायला. मी वही मिटत होतो, तेवढ्यात हाक आली, "ही कितीला?"

हातात पितळी घंटा होती. शाळेची. मुठीएवढा दांडा, आतलं लोलक गायब. "कुठल्या शाळेची रे?" पोऱ्याला काय ठाऊक. त्याच्या लेखी पितळ. पण मामांना दहा शाळा माहीत होत्या. गेल्या काही वर्षांत पटावर चार-पाच पोरं उरली म्हणून एकेक बंद होत गेलेल्या. त्यांनी ती उलटी करून आत बोट घातलं, कड चाचपली. भाव विचारला तो कमी करायला म्हटलंच नाही. मग एक कप्पी घेतली, शिलाई मशीनचं लोखंडी पायडल घेतलं. काट्यावर चढवलं तेव्हा चौदा किलो भरलं. टेम्पो आला होता त्याहून हलका होऊन परत गेला, आणि त्या पोराने वळणावर थांबून मागे बघितलं ते मला अजून दिसतं.

मामी बाहेर येऊन घंटा बघून म्हणाली, "आणि वाजणार कशी? आत लोळी नाही." मामा माळ्याच्या सामानात गेले. आले ते एक कुलूप घेऊन. "कुलुपे, चाव्या हरवलेल्या" मधलं. पाच मिनिटांत ते आत तारेने लटकलं. मामांनी दांडा धरून हलवलं आणि दुपारच्या साडेबाराला कोरगावच्या रस्त्यापर्यंत मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी वहीत आदल्या दिवशी त्या डब्यापुढे "उपयोग : शून्य" असं लिहिलं होतं, ते खोडलं. आता मामांना जेवायला माळ्यावरून खाली बोलवायला मामी तीच वापरते.

अधे-मधे एक बाई येऊन गेली, तिचं थोडक्यात. मांद्रे-मोरजीकडे हल्ली जुन्या घरांतल्या वस्तू कॅफेत मांडतात. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तर दारं-खिडक्या विचारत गाड्या आतल्या वाड्यांपर्यंत येतात. तिला अंगणातला रगडा हवा होता. आकडा मोठा सांगितला. मुलाचे डोळे चमकले. मामांनी विचारलं, "वाटण वाटता?" नाही, त्यात पाणी आणि फुलं ठेवणार. "मग नको," मामा म्हणाले. पण जाताना तिच्या चपलेचा अंगठा सुटलेला त्यांना दिसला. सोप्यावर बसवून, चामड्याचा तुकडा घालून शिवून दिला. पैसे घेतले नाहीत.

छप्पर झालं. नव्या माळ्यावर मामीने आपलं अर्धं खडूने रेघ मारून आखून घेतलं आणि मोकळं ठेवलं. झाडू मारते, बसते, म्हणते इथे वारा येतो. मामांचं अर्धं चवथीपर्यंत भरलं.

गेल्या दिवाळीनंतर मेव्हण्याचा ट्रक गेला. गॅसकटर घेऊन माणसं आली तेव्हा तो आत जाऊन पडला. मामा शेवटपर्यंत अंगणात उभे होते. संध्याकाळी डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, अशा दोन कदंबा बस बदलून घरी आले ते मांडीवर ट्रकचं स्टिअरिंग घेऊन. दुसऱ्या बसमध्ये मी बरोबर होतो. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा स्वतःचं चाचपून बघितलं.

मामीने ते सोप्यावरच हातातून घेतलं. दहा आणि दोनच्या जागी रबर झिजून बोटांचे खळगे पडले होते. पदराने पुसलं. मामांनी सवयीने तोंड उघडलं, त्याआधीच ती म्हणाली, "हें म्हज्या अर्द्यांतलें."

"अविभक्त," मामा म्हणाले.

"मग धरा दुसरीकडून."

शिडी दोघांना पुरेल एवढी रुंद नाही. तरी दोघं चढली, मधे चाक. वर बराच वेळ खुडबुड झाली. मग मामांनी खाली मला हाक मारली, "चार इंची खिळा दे." डब्यात त्या मापाचा एकच होता. मी पाटीवर लाटून पाहिला. सुळकन गेला.